गार्डाच्या डब्यापर्यंत दम

सख्ख्या मामावर पाळत ठेवण्यासाठी मी करवंदीच्या जाळीत शिरलो तेव्हा नुकता कमावता झालो होतो. अंगात स्वतःच्या पैशांचा पहिला पांढरा शर्ट होता आणि मनात मामीनं घातलेला संशय. शर्टाचं करवंदीनं तिथल्या तिथं वाटोळं केलं. संशय मात्र पुढं बरेच दिवस टिकला.

मी लोणावळ्याच्या बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होतो. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि दुसऱ्याच्या घड्याळाचं पोट उघडायचं. ह्या धंद्यात माणूस संशयी होतो. बंद पडलेल्या घड्याळाचं काही वाटत नाही, पण धडधाकट घड्याळ मधेच थांबून पुन्हा आपोआप चालू झालं, की रात्रीची झोप उडते. माझा मामा त्या दिवसांत नेमका तसा वागत होता.

आजोळ मळवली स्टेशनच्या पलीकडं, भाजे गावाच्या अलीकडं. घर आणि रेल्वेलाईन यांच्यात एकच भाताचं खाचर. सुटीच्या दिवशी मी सायकल हाणत तिथं जायचो. त्या दिवशी पाय धुतो न धुतो तोच मामीनं मला चुलीपाशी ओढलं.

"भाचं, तुज्या मामाचं काय खरं न्हाई."

"का? काय झालं?"

"मधीच बंद पडतो. काल इचारलं, म्हशीला पेंड आनली का? तर डोळं मिटून बसला. तोंड लालबुंद. म्या म्हनलं, न्हाई आनली तर न्हाई म्हना, एवडं फुगायला काय झालं? तर हातानंच गप बस म्हनतो."

"दात दुखत असेल."

"दात दुकला तर मानूस फाटकापशी जातो व्हय? रोज जातोय. मालगाडीच्याच टायमाला. कोन बसलीया तितं?"

तिथं कोणी बसलेली नव्हती. तिथं होता फाटकवाला आणि त्याच्या दोन शेळ्या. मामीलाही ते ठाऊक होतं. तिनं आधी करणी झाल्याचा संशय घेतला होता, मग बाईचा. तिसरा संशय तिनं तोंडातून काढला नाही. नुसती चुलीतली लाकडं मागंपुढं करत राहिली. गप्प झालेला माणूस रोज गाडीच्या वेळेला रुळांकडं जातो, ह्याचा अर्थ मीही बोललो नाही. निमूट उठलो आणि करवंदीत जाऊन बसलो.

मामा आला. दुधाच्या रिकाम्या किटल्या बांधावर ठेवल्या, टोपी काढून त्यांच्यावर ठेवली. टोपी काढलेली पाहून मी जाळीच्या तोंडाशी सरकलो. खंडाळ्याच्या बाजूनं मालगाडीची शिट्टी झाली. मामानं लाईनीकडं तोंड केलं, डोळे मिटले, आणि चिमटीत नाक धरलं. इंजिन जवळ आलं. मी आता झेप घेणार, एवढ्यात मागून कोणीतरी माझी कॉलर धरली.

"कोळसा चोराय आलास व्हय रं?" फाटकवाला!

"सोडा हो भाऊ! तो माझा मामा आहे!"

"म्हंजी दोगं हायसा! लय दीस बघतोय मी. गाडी आली का ह्यो मानूस नाक धरून हुबा ऱ्हातो. आमच्या गाडीला वास येतो व्हय रं?"

पुढून मालगाडी धडधडत चालली होती. मामा जागचा हलला नव्हता. लाईनीपासून चांगला लांब, बांधावर उभा होता. डबे जात राहिले, त्याचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला, पोट आतून कोणी लाथ मारावी तसं उडायला लागलं, आणि एकदम फूऽऽ करून तो मटकन खाली बसला. त्यानंतरही काही डबे गेले. शेवटी गार्डाचा डबा गेला, आणि मामा त्याच्याकडं अशा नजरेनं बघत राहिला, की जणू आपलं कोणी त्यात बसून निघून गेलं.

मग त्यानं आम्हा दोघांना पाहिलं. लाजला, रागावला, आणि म्हणाला, "गार्डाचा डबा काय गावत न्हाई, भाचं."

प्रकरण असं होतं. आमच्या आजोळच्या गावात देवीचा डोह आहे. नदी तिथं कड्याखाली वळते आणि खोल होते. दर वर्षी जत्रेला वाळू भरलेला तांब्याचा कळस त्या डोहाच्या तळाशी सोडतात, आणि पुढच्या जत्रेला तो वर काढतात. काढायचा मान आमच्या आजोळच्या घराचा. हातात धोंडा धरून तळाला जायचं, धोंडा टाकायचा, गाळात हातानं चाचपून कळस शोधायचा आणि एका दमात वर यायचं. माणूस रिकाम्या हातानं वर आला, तर मान त्या घरातून जातो तो जातोच. मग तो वरच्या आळीतल्या भाऊकीचा. त्या आळीतले चुलतमामा, म्हणजे माझ्या मामाचे चुलतभाऊ, त्या दिवसाची वाट त्यांच्या वडिलांपासून बघत होते.

आजवर कळस थोरला मामा काढत असे. पण त्याला दमा जडला. तो आता ओसरीवर बाजेला टेकून असायचा, आणि दोन वाक्यांच्या मधे त्याच्या छातीतून पेटीच्या भात्यासारखा आवाज निघायचा. त्यामुळं यंदा मान माझ्या मामाकडं आला होता. आणि सराव करायची सोय नव्हती. कारण जत्रेचा दिवस सोडून त्या डोहात कोणी उतरायचं नाही, अशी देवीची आण. माणसानं नाही, म्हशीनंसुद्धा नाही. उतरला हे कळलं, तरी मान गेला.

म्हणून मामा कोरड्या जमिनीवर दम धरायला शिकत होता.

"पण मालगाडी कशाला?" मी विचारलं.

"म्या दादाला इचारलं, किती दम लागतो? दादा म्हनला, मालगाडी जाईस्तवर. मंग मालगाडीशिवाय कळायचं कसं?"

मी मनगट पुढं केलं. "हे घड्याळ आहे की."

मामानं घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "ती तुमी लोकं आतून काय करता ते कोनाला ठावं? गाडी खोटं बोलत न्हाई."

घरी आल्यावर मामीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कपाळावरचा घाम पुसला, आणि म्हणाली, "एवडंच व्हय?" मग लगेच, "पन दम धरतो कशावरून? नाकानं हळूच घेत आसंल."

इथून आमच्या घरात शाळा सुरू झाली. मास्तर कोण? थोरला मामा. ज्याला स्वतःला श्वास पुरत नव्हता, तो बाजेवरून श्वास कोंडायला शिकवत होता. पण त्याला माहिती खरी होती. "हुबं ऱ्हाऊन न्हाई, पडून धरायचा," तो म्हणे. "अंग सैल सोड. दातावर दात नकू. आदी बेतानं श्वास घ्यायचा, घेतल्यापरीस सोडायचा जास्त. मंग पोटभर घेऊन बंद. आन भराभर चार-सा श्वास वडून कदी बुडी मारायची न्हाई. त्यानं बरं वाटतं, आन न सांगता अंधारी येती. आन एकट्यानं तर कदीच न्हाई. बाजूला मानूस पायजे." एवढं बोलून तो स्वतः बराच वेळ धापत राही.

त्यानंच आम्हाला बेडकाचं सांगितलं. दम धरला की आधी नाकाला खाज येते, मग आवंढा येतो, मग पोटात बेडूक उडी मारतो. नवशिका तिथंच श्वास सोडतो. "बेडूक म्हनतो, मेलो मेलो. त्यो लबाड आसतो. त्याच्या पयल्या उडीला आर्दा दम आजून खाली ऱ्हायल्याला आसतो." मामा त्या बेडकाला सख्ख्या वैऱ्यासारखा शिव्या घालायचा, अर्थात नंतर.

क्रम ठरला. लाईन घरासमोरच होती. लांबून शिट्टी झाली की थोरला मामा बाजेवरून ओरडे, "मालगाडीऽऽ!" पॅसेंजर हिशेबात नव्हती. मग मामा हातातलं टाकून जिथं असेल तिथं घोंगडी पसरून आडवा होई. मामी वातीच्या कापसाचं पिंज त्याच्या नाकाखाली धरी आणि त्यावर कोर्टातल्या बेलिफासारखी नजर रोखून बसे. पिंज हललं की, "घेतला! म्या बगितला!" आणि मामा, "वाऱ्यानं हललं ते!" वारा खरंच होता का ह्यावर सगळी दुपार जाई. मी दार लावून घेऊ लागलो. मग मामीला संशय, तो तोंडाच्या कोपऱ्यातून घेतो. मामाला संशय, मामी मुद्दाम पिंज हलवते. मला संशय, दोघांचाही.

एकदा मामा असाच आडवा पडलेला. मालगाडी अर्धी गेलेली. मामी नाकाशी कापूस धरून वाकलेली, मी पायांशी बसलेलो. आणि लावलेलं दार ढकलून वरच्या आळीचे चुलतमामा आत आले. आले होते कासरा मागायला. त्यांनी घोंगडीवरचा निश्चल भाऊ पाहिला. नाकाशी कापूस पाहिला. त्यांच्या हातातली काठी पडली.

"आरं माज्या भावाऽऽ!" त्यांनी जो टाहो फोडला! "काल तर बरा हुतास रं! आपलं बांधाचं भांडनबी ऱ्हायलं!"

मामाला उठता येईना, कारण गार्डाचा डबा यायचा होता. मामीला हसता येईना. चुलतमामांनी मामाच्या छातीवर डोकं टेकलं, आणि नेमक्या त्याच वेळी मामाच्या पोटातल्या बेडकानं उडी मारली. चुलतमामा किंचाळून ओसरीपर्यंत मागं गेले.

गार्डाचा डबा गेला. मामा उठून बसला. "कासरा कोनाड्यात हाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा दम गाडीला पुरला होता, आणि आनंद करायची चोरी!

"अर्धशिशीचं औषध करत होतो," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

चुलतमामांनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. कासरा न घेताच गेले. त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं, की ह्या माणसाला अर्धशिशी पटलेली नाही.

जत्रा जवळ आली तेव्हा त्यांनी देवळात बैठक लावली. देऊळ वर टेकाडावर, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. गुरवआबा मधे बसले. चुलतमामांनी उभं राहून सांगितलं, की ह्यांच्या घरात दम कोंडायचे प्रकार चालू आहेत. आता कोरड्यात कोणी दम धरतं काय? त्याअर्थी हा माणूस चोरून डोहात उतरतो. त्याचं धोतर दुपारचं ओलं असतं.

"म्या दुदाच्या किटल्या धुतो, तवा भिजतं!" मामा ओरडला.

"दुदाच्या किटलीत पानी आसतंच, ते आमाला ठावं हाय," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळं देऊळ हसलं.

गुरवआबांनी हात वर केला. "भांडू नका. कोरड्यात शिकलाय म्हनतो, तर कोरड्यातच दावू दे. हितं. आत्ता."

मामा फरशीवर आडवा झाला. चुलतमामांनी स्वतःच्या हातानं त्याच्या नाकाखाली कापूस धरला. मामानं दम धरला आणि देऊळ चिडीचूप झालं. इतकं, की माझ्या लक्षात आलं, सगळ्यांनीच दम धरलाय. म्हातारे, बाया, खांबाला टेकलेले तरणे, सगळे गाल फुगवून एकमेकांकडं बघताहेत, आपल्या आधी कोण सोडतो म्हणून. मीही धरला होता.

मामानं माझ्या आधी सोडला. बेडूकसुद्धा उडाला नव्हता. खोकत उठला आणि मान खाली घालून बसला.

हशा काय उसळला! आणि तो हशा ओसरल्यावर गुरवआबा म्हणाले, "ह्यो मानूस डोहात उतरल्याला न्हाई. एवड्याशा दमावर उतरला आसता तर हितं बसाय जित्ता आलाच नसता." आरोप फेटाळला. चुलतमामांचा चेहरा आधी पडला, आणि मग त्यांना जत्रेच्या दिवशी काय होणार ते उमगलं, तसा हळूहळू फुलत गेला.

टेकाड उतरताना मामी म्हणाली, "मुद्दाम सोडला का?"

"मंग? धरला आसता तर डोहातच शिकला म्हनून मान तितंच गेला आसता," मामा म्हणाला. फार ऐटीत म्हणाला. मी त्याच्या कानांकडं पाहिलं. ते लाल होते.

जत्रेसाठी मी दुकानातून रजा टाकून राहिलो होतो. दुसऱ्याच दिवशी मालगाडी आली आणि मामानं गार्डाच्या डब्यापर्यंत दम आरामात नेला. गाडी गेल्यावर मी म्हटलं, "मामा, आता असाच एकदा. बिनगाडीचा." तर म्हणे, पोट जड आहे. मग म्हणे, म्हैस सुटली. मी हट्टच धरला तेव्हा धरला, आणि देवळातल्यासारखाच लगेच सुटला. आत कुठलं चाक अडतंय ते मला दिसलं. ह्या माणसाचा श्वास डब्यांना जुंपलेला होता. रुळांवरची ती धडाड-धड, धडाड-धड ऐकू आली तरच तो चाले. आणि डोहावर तर कळस काढताना ढोलसुद्धा बंद ठेवायची रीत. शुद्ध शांतता!

मी मामीला मागच्या दारी गाठलं. "सांगायला हवं त्याला. माघार घेऊ दे. मान गेला तर गेला."

"मला कळलंय कवाच," मामी म्हणाली. "पन सांगू नकू. भ्यालेला मानूस लवकर बुडतो. आन माघार घ्यायचा न्हाई त्यो. दादानं इतकी वर्सं काडला, आन म्या घालवला, हे तोंड घिऊन त्यो दादाच्या बाजंपुडनं रोज कसा जाईल?"

जत्रेच्या सकाळी डोहाच्या काठाला सगळं गाव. थोरल्या मामाला बाजेसकट उचलून आणलं होतं. मामा कमरेला पंचा गुंडाळून धोंडा पोटाशी धरून उभा. मी मामीला शोधत होतो, ती कुठंच नव्हती. नवरा बुडी मारणार आणि बायको गर्दीत नाही! माझ्या मनात नको ते यायला लागलं.

ढोल थांबला. मामानं सावकाश श्वास सोडला, पोटभर घेतला, आणि धोंड्यासकट गेला. पाणी वर मिटलं.

आणि खालच्या अंगाला, डोह संपून उथळ पाणी सुरू होतं तिथल्या बायांच्या धुण्याच्या कातळावरून आवाज आला. धडाड-धड. धडाड-धड.

मामी! पदर खोचून, पाण्यात गुडघाभर उभी राहून, हातातल्या धोपटण्यानं ती मामाचं धोतर बडवत होती. तो कातळ अख्खा एक, थेट डोहात उतरलेला. पाण्याखाली डोकं घातलेल्या कोणालाही विचारा, दगडावरचा आवाज किती जवळून ऐकू येतो ते.

"ए! वाजाप बंद!" चुलतमामा ओरडले. "रीत मोडतीया ही!"

"ढोल हाय का ह्यो?" मामीनं मान न वळवता विचारलं. हात चालूच. "धुनं हाय. जत्रेच्या दिवशी पारोसं धोतर नेसवू व्हय मालकाला?"

धडाड-धड. धडाड-धड. गुरवआबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. धुण्याबद्दल रीत काही सांगत नव्हती.

मी डबे मोजायला लागलो होतो, आणि मधेच मोजायचा थांबलो. नेहमीच्या गाडीएवढे डबे होऊन गेले होते. मामीनं गार्डाचा डबा सोडला नव्हता. ती गाडी लांबवत होती. मामाला अजून कळस सापडला नाही हे तिनं ओळखलं होतं, आणि ती त्याला मागून आणखी डबे जोडून देत होती. पण किती? जास्त जोडले तर तो त्या आवाजाच्या नादानं खालीच राहील. कमी जोडले तर रिकामा वर येईल. तिचा डोळा पाण्यावर होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि गळ्याची शीर टरारून फुगलेली. तिचाही दम कोंडलेला होता. मला वाटतं त्या साऱ्या दिवसांत, कापूस धरून बसली असताना, प्रत्येक मालगाडीला तिनं तो कोंडला असणार.

पाण्यावर दोन बुडबुडे आले. मामीचा हात थांबला.

एवढंच. ती थांबली. गाडी गेली. कळस सापडो, न सापडो. धोपटणं तिच्या हातातून सुटून पाण्यावर तरंगत निघालं, तिला त्याचं भान नव्हतं.

मग कड्याच्या बाजूला पाणी फुटलं आणि मामाचं डोकं वर आलं. चेहरा काळानिळा. काही क्षण नुसतं डोकंच. मग दोन हात, आणि हातांत गाळानं माखलेला कळस.

ढोल असा कडाडला, की बाजेवरचा थोरला मामा रडतोय की धापतोय, कळेना. गुरवआबा मानाचा नारळ घेऊन पुढं झाले, पण चुलतमामा मधे येऊन उभे राहिले. "नारळ द्यायच्या आदी ह्याला इचारा, आबा. खाली आवाज ऐकू येत हुता का? ऐकू आला आसंल तर ह्यानं एकट्यानं कळस काडला न्हाई. बायकूनं काडला."

ढोल पुन्हा बंद. गुरवआबांनी मामाकडं वळून विचारलं, "खरं सांग. देवीच्या म्होरं हाइस. ऐकू आला का?"

मामा दोन्ही हातांनी कळस छातीशी धरून, निथळत उभा. हो म्हणावं तर मान जातो. नाही म्हणावं तर देवीपुढं खोटं, आणि बायकोच्या तोंडावर. मामी ओल्या लुगड्यानं समोर येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या नजरेत कापसाच्या पिंजावरचा तोच संशय होता: बघू या आता काय बोलतोस.

मामानं तिच्याकडं पाहिलं. आणि डोळे मिटले. गाल फुगवले. दम धरला.

गाव बघतंय. गुरवआबा बघताहेत. नारळ हातात जड होतोय. ना गाडी, ना ढोल, ना धुणं. नाकाला खाज आली, त्यानं ती सोसली. आवंढा आला. पोटात बेडूक उडाला, पुन्हा उडाला, तरी मामा हलेना. चुलतमामा म्हणाले, "आवो, बोलायला सांगा त्याला!" कोणीतरी हसायला लागलं. ऊन चढत होतं आणि वर देवळात नैवेद्य थंड होत होता.

शेवटी गुरवआबांनीच हात टेकले. मामाचे हात कळसात गुंतलेले, म्हणून त्यांनी नारळ मामीच्या ओटीत घातला, आणि ढोलवाल्याला खूण केली.

मग मामानं श्वास सोडला.